मामांना काढायचं ठरलं तेव्हाची गोष्ट

माझ्या सख्ख्या मामांना मॅनेजरपदावरून काढायचं ठरलं, तेव्हा तो ठराव मी लिहिला, त्याला अनुमोदन मी दिलं आणि सभेचा चहा मामांच्या सख्ख्या बहिणीनं, म्हणजे माझ्या आईनं केला.

साल बाहत्तर. नगरला आमचा हिंदमित्र फुटबॉल क्लब होता. मी पंचायत समितीत कारकून आणि क्लबात सेक्रेटरी व गोलकीपर. (सेक्रेटरी असल्यामुळेच मला गोलकीपर ठेवलंय, असं काही लोक म्हणत. त्यांचं चूक होतं असं मला आता म्हणवत नाही.) दत्तूमामा मॅनेजर. क्लब मुळात त्यांनीच काढलेला. ते शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि मॅचच्या आधी फळ्यावर रंगीत खडूनं मैदान काढून डावपेच समजावायचे. चित्र फार सुरेख व्हायचं. गोलला जाळी, चेंडूला सावली, कोपऱ्यात एखादं लिंबाचं झाड. पण झाडाची पानं रंगवण्यात वेळ जायचा आणि कोणी कुठं पळायचं ते सांगायचं राहून जायचं.

त्या मोसमात आम्ही ओळीनं सहा मॅच हरलो. सातवी जिंकलो, कारण समोरच्या संघाची एस.टी. वाटेत बंद पडली. मग आठवी आणि नववी हरलो.

तेव्हा आमचे अध्यक्ष शेठजी, कापडाचे व्यापारी, यांनी आमच्या घरी कमिटी बोलावली. ते म्हणाले, "मामा देवमाणूस आहेत. पण देवमाणूस पूजेला ठीक, मॅचला नाही. भिंगारला हवालदार शेख म्हणून आहेत, फौजेतून रिटायर झालेले. त्यांना आणू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी जरा जास्तच डोलली असावी, कारण मामांना कळवायचं कोणी, हा प्रश्न आल्यावर सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

"घरच्या माणसानं सांगितलेलं बरं," शेठजी म्हणाले.

आई कपबशा गोळा करत होती. जेवायला वाढताना तिनं विचारलं, "अनुमोदन कोणी दिलं?"

"सर्वानुमते झालं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि पिठल्याचं पातेलं परत आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सायकलवरून मामांकडे गेलो. वाटेत भाषण पाठ केलं होतं. सुरुवात 'मामा, तुमचे क्लबवर फार उपकार आहेत' अशी होती आणि शेवट कसा करायचा ते सुचायच्या आत त्यांचं घर आलं.

"बरं झालं आलास," मामा म्हणाले. "तुझीच वाट बघत होतो."

मी तोंड उघडणार तोच मामी आतून एक गाठोडं घेऊन आल्या. त्यांनी संघासाठी अकरा जर्सी शिवल्या होत्या. कापड पडद्याचं होतं, निळ्यावर पांढरी फुलं. पाठीवरचे आकडे मामांनी स्वतः रंगवले होते आणि प्रत्येक आकड्याला सावली दिली होती.

"मामा, एक बोलायचं होतं."

"बोल ना."

"काल कमिटीत चर्चा झाली."

"कशाची रे?"

मामी माझ्या छातीला एक नंबरची जर्सी लावून माप बघत होत्या.

"जर्सीचीच," मी म्हणालो.

मग मामींनी आग्रह केला आणि मी चार पोळ्या आणि दोन वाट्या शिकरण खाऊन घरी आलो.

सकाळी शेठजींनी दुकानातूनच हाक मारली. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"डोळ्यांत पाणी आलं." (हे अगदीच खोटं नव्हतं. मामींच्या ठेच्यानं माझ्या डोळ्यांत आलं होतं.)

शेठजींनी उसासा टाकला आणि लगेच हवालदारांना निरोप धाडला.

मॅच रविवारी होती. अजून चार दिवस आहेत, त्यात कधीही सांगता येईल, असं मी स्वतःला समजावलं. बुधवारी मामांना सर्दी होती. गुरुवारी त्यांचा उपास, आणि उपाशी माणसाला असं काही सांगणं बरं दिसत नाही. शुक्रवारी त्यांच्या शाळेत इन्स्पेक्टर आले. शनिवारी सर्दी मला झाली.

रविवारी राहात्याकडच्या एका साखर कारखान्याचा संघ आला होता. त्यांचे गडी बघूनच आमचे दोघं पाणी प्यायला गेले ते लवकर परत येईनात. तेवढ्यात एका बाजूनं कॅरिअरला फळा बांधून सायकलवरून मामा आले आणि दुसऱ्या बाजूनं कडक इस्त्रीची खाकी घालून, गळ्यात शिटी अडकवून हवालदार शेख आले.

शेठजींनी मला कोपरानं ढोसलं. "तू सांगितलं होतंस ना?"

"निरोप घ्यायला आले असतील."

"फळा घेऊन?"

मामांनी हवालदारांना नमस्कार केला. "या साहेब, मॅच बघायला आलात?"

"बघायला नाही जी, टीम सांभाळायला आलोय," हवालदार म्हणाले.

दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी गोलचा खांब नीट रोवलाय का ते हलवून बघत होतो.

मॅच सुरू झाली. एका बाजूनं मामा ओरडत होते, "सगळे पुढं." दुसऱ्या बाजूनं हवालदार ओरडत होते, "जागा सोडू नका." आमचा फुलबॅक भानुदास काष्टीचा, अंगानं दांडगा आणि स्वभावानं सरळ. तो चेंडू सोडून माझ्याकडे आला.

"सेक्रेटरी, आमी कुनाचं ऐकायचं ते एकदा सांगा. न्हाईतर म्या हितंच बसतो."

"दोघांचं ऐक," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

त्याचा परिणाम असा झाला की आमचे पाच जण सारखे पुढं आणि पाच जण सारखे मागं. कारखान्याच्या संघाला हा डाव काय आहे तेच कळेना. हाफटाइमला आम्ही दोन गोलनी पुढं होतो. क्लबच्या जन्मापासून असं झालं नव्हतं. शेठजी खुर्चीवरून उठून उभे राहिले. मामा आणि हवालदार एकाच बाकावर बसून एका किटलीतला चहा घेत होते, आणि हवालदार फळ्यावरच्या लिंबाच्या झाडाला मान हलवून दाद देत होते.

मला मात्र काळजी लागली होती. ते दोघं काय बोलत असतील? हाफटाइमनंतर आमच्यावर पहिला गोल झाला तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत होतो. दुसरा माझ्या दोन पायांमधून गेला. तिसऱ्याला मी उडी मारायला हवी होती. पण त्या साली पाऊस झालेला नव्हता, मैदान म्हणजे नुसता मुरूम, आणि पुढच्या आठवड्यात मला मुलगी बघायला जायचं होतं. आम्ही तीन-दोन हरलो.

मॅच संपल्यावर मामा माझ्याजवळ आले. मी खाली मान घालून बुटाची नाडी सोडत होतो.

"मामा, मी सांगणारच होतो."

"मला ताईनं सभेच्या दिवशीच सांगितलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. पहिल्या पोळीला वाटलं, आता बोलेल. चौथीला कळलं, हा पोट भरूनच जाणार." मग ते माझ्या शेजारी मातीतच बसले. "काढल्याचं काही नाही रे. मलाही दिसत होतं, मला जमत नाही. तू नुसतं 'मामा, आता पुरे' म्हणाला असतास, तर मीच तुझ्याबरोबर भिंगारला आलो असतो."

त्या फुलाफुलांच्या जर्सीत रडणं शोभलं नसतं, म्हणून मी नाडीच सोडत राहिलो. ती कधीच सुटली होती.

हवालदार आले. म्हणाले, "मास्तर गेले तर मी पण नाही येणार. नकाशा ह्यांनी काढायचा, पोरं मी पळवणार."

"झाड काढायचं का?" मामांनी विचारलं.

"झाड राहू द्या जी. छान आहे."

शेठजींनी तिथल्या तिथं दोघांनाही मॅनेजर करून टाकलं. मग दोघं मॅनेजर बाजूला जाऊन एक मिनिट कुजबुजले आणि मामांनी परत येऊन, माझ्या डोळ्यांत बघून, सरळ सांगितलं, "बाळू, पुढच्या मॅचपासून तू गोलमध्ये नाहीस."

माझ्या जागी शेठजींच्या दुकानातला गुमास्ता उभा राहिला. रोज कापडाचे तागे झेलायची सवय असलेला माणूस. त्यानं एकही गोल होऊ दिला नाही आणि आम्ही ती मॅच जिंकलो. मी रेघेबाहेर उभा होतो. गर्दीत बघतो तर माझी आई, मामींच्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होती. ती याआधी एकदाही मैदानावर आली नव्हती.

मला भरून आलं. मुलाला वाईट वाटत असेल म्हणून बिचारी आली. मी जवळ जाऊन म्हणालो, "आई, तू कशाला आलीस उन्हात?"

"किती वर्षांपासून यायचं होतं रे," आई म्हणाली. "पण तू खेळायचास ना."