दाबून राहिलो

पिकअपच्या मागच्या बत्त्या बंद होत्या, आणि अडचण काय ती तेवढीच आहे असं आमच्या घरानं ठरवून टाकलं होतं. बाबांना लकवा मारल्यानंतर एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला होता. उजवा हात आता चमचा धरू लागला होता. उजव्या पायातली चप्पल मात्र चालताना मागे पडायची आणि ती पडल्याचं त्यांना कळायचं नाही. आई ती उचलून आणायची, त्यांच्या पायापुढे ठेवायची.

त्या पिकअपवर आमचं घर चालायचं. गोंदियाजवळच्या गोरेगावचा आणि आसपासच्या गावांचा आठवडी बाजार असला की कापडवाल्यांचे, भांडेवाल्यांचे गठ्ठे बाबा पोचवत. आजारपणात ती अंगणात सीताफळाखाली उभी राहिली. डॉक्टर गाडीबद्दल "बघू" म्हणाले होते. बाबांनी त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला. "बत्त्या ठीक झाल्या का पासिंग करून आणतो. मंग लाइन सुरू." आईनंही मान डोलावली. बल्ब दुकानात मिळतो, म्हणून असेल.

मी सुट्टीत पुण्याहून आले होते. माझी शाळा गोंदियातली, इंग्रजी. मैदानावर हिंदी, घरी बाबांची बोली. त्यामुळे बोलण्याआधी वाक्य मनात तपासून घ्यायची मला सवय होती. तरी पुण्याच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात "मी जेवून राहिले" असं तोंडून निघालं आणि समोरच्या मुलीनं विचारलं, "कुठे राहिलीस?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि तेव्हापासून 'जेवतेय' म्हणू लागले.

बॅटरी चार्ज करून आणली होती. मी मागच्या लाल काचेचे स्क्रू काढले. आत धूळ होती, आणि कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. जुना बल्ब दाबून फिरवला तर काळपट काच हातात आली. नवा काही केल्या बसेना.

"उलटा टाकून राहिली," बाबा शेजारी स्टुलावर बसून म्हणाले. "त्याच्या बाजूच्या खुट्या पाहा. एक वर हाय, एक खाली. गाडीचा बल्ब हाय तो, घरातला नोहे."

फिरवून लावला, बसला. दुसऱ्या बाजूचाही तसाच बदलला. बटण दाबताच दोन्ही बाजूंच्या मागच्या बत्त्या लागल्या. मग त्या बंद केल्या. त्याच बल्बात ब्रेकची दुसरी तार असते. ती तेवढी तपासायची राहिली. त्यासाठी एकानं ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं मागे उभं राहायचं. बाबा म्हणाले, ब्रेक मीच दाबतो. आईनं खांदा दिला, आणि कितीतरी महिन्यांनी ते आपल्या सीटवर बसले. स्टिअरिंगवरची धूळ त्यांनी बाहीनं पुसली.

"दाबून राहिलो. जळली का?"

"नाही बाबा, लागली नाही."

"उन्हात दिसत नाही. हाताचा आडोसा कर."

मी तळहात काचेजवळ धरला. "नाही."

"त दुसरा टाक."

दुसरा टाकला. तोही लागेना. कुंपणापलीकडून शेजारचे म्हातारे काका हे सगळं पाहत होते. "काऊन बाई, पुण्याले हेच शिकवून राहिले का?"

"डुप्लिकेट माल देला दुकानदारानं," बाबा आतून म्हणाले आणि हसले. खूप दिवसांनी हसले. "आता पाहा. जोर लावून दाबून राहिलो."

मी पाहत होते. बत्ती नव्हती.

"दाबून राहिलो ना बाप्पा, अजून किती दाबू?"

वायर सैल असेल असं सांगायला मी दाराशी गेले. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, मांडी थरथरत होती, कपाळावर घाम होता. खोटं काहीच नव्हतं त्यात. पाऊल पेडलच्या बाजूला, रबरी चटईवर होतं. सगळ्या ताकदीनं ते गाडीची जमीन दाबत होते.

आई चहा घेऊन माझ्यामागे उभी होती. तिनंही पाहिलं. 

मी वाक्य मनात तपासलं. कसंही मांडलं तरी ते वाईटच होत होतं. शेवटी म्हटलं, "बाबा, मी वर बसते. तुम्ही मागून पाहा. तुम्हाला लवकर कळेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. त्यांना किती दिसलं ते मला ठाऊक नाही. आईच्या आधारानं उतरले आणि पाय ओढत मागे गेले.

मी पाय ठेवला. पेडल सहज खाली गेलं. आरशात ते वाकलेले दिसत होते, डावा तळहात काचेजवळ धरून. तो तळहात लाल झाला.



"जळली का, बाबा?"

"सोड."

मी पाय काढला. तळहात विझला.

"दाब."

पुन्हा लाल. मग ते दुसऱ्या बाजूला गेले. तिथंही हात धरला. "दाब." मी दाबलं. ते तसेच वाकून राहिले. मला वाटलं उठताना त्रास होत असेल, पण ते उठतच नव्हते.

"दोन्ही जळून राहिल्या," शेवटी म्हणाले.

"झालं का मंग?" कुंपणावरून काका. "आता बाजाराले चालले?"

बाबा काचेकडेच पाहत होते. मला म्हणाले, "काच नीट कस. पाणी जाईल आत." आणि थोड्या वेळानं, घराकडे वळून, "चावी तुह्या मायजवळ दे."

चहा गार झाला होता. त्यांनी तसाच प्यायला.

गाडी तिरोड्याच्या एका माणसानं विकत नेली. फाटकाशी त्यानं ब्रेक मारला, तेव्हा भर दुपारी दोन्ही बत्त्या स्वच्छ दिसल्या. आई आत निघून गेली.

मी पुण्याला परतले. दर रविवारी फोन करते. मला काही सुचत नाही, म्हणून विचारते, काय करताय बाबा?

"काही नाही," ते म्हणतात. "बसून राहिलो."