पाजणाऱ्याचा रकाना

"हा बघा, मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पट्टा. हिचा किती बारीक आहे!" डॉक्टरांनी पडद्यावर पेन टेकवलं. पडद्यावर माझा मेंदू होता. मागे पाच-सहा शिकाऊ डॉक्टर. मग डॉक्टर आईकडे वळले. "काय बाई, ही पोटात असताना रोज घ्यायचीस ना? मग पोरगी अशीच निपजणार."

एक जण हसला. आई खुर्चीवरून उठली आणि खाली फरशीवर बसली. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं.

मी तेवीस वर्षांची. शाळेत ढ. पाढे आज पाठ, उद्या साफ. सातवीत शाळा सुटली. पालीजवळ आमची वाडी. तिथे सरकारी दवाखान्याच्या आशाताई आल्या नि म्हणाल्या, आईने गरोदरपणी दारू घेतली तर मुलाच्या मेंदूचं काय होतं ते तपासतायत, रत्नागिरीला चल. आठ दिवसांपूर्वी त्या मशीनच्या नळकांड्यात मी पडून राहिले. कानाशी हातोडे ठाणठाण वाजत होते. जीव घाबरला, तरी हलले नाही. आपण ढ का, ते एकदा कळू दे म्हणून.

कळलं. आणि खरं सांगते, पहिला राग आईचाच आला. व्हरांड्यात मी तिच्यावर खेकसले, "का प्यायलीस?"

ती व्हरांड्याच्या कठड्याला टेकली. मग म्हणाली, "काजूच्या दिसांत भाऊंच्या बागेत बी गोला करायला जायची मी. पोटात तू. कंबर धरायची. सांजचं मांगराकडं, बागंतल्या खोपीपाशी, भाऊ समद्या बायांना पेला द्यायचे. म्हनायचे, औषध हाय, घे. नाय म्हटलं तर दुसऱ्या दिशी कामावर घेत नसत. मला काय ठावं गो बाय, तुला लागंल त्ये."

भाऊ म्हणजे बागेचे मालक. त्याच वर्षी त्यांची सून गरोदर होती. तिला पाणीसुद्धा उकळून देत, आई सांगते. पाजणारा पाजून मोकळा, आणि फरशीवर बसायचं माझ्या आईने.

मी परत आत गेले. टेबलावर माझा फॉर्म होता. एकेक अक्षर लावत वाचला. आई प्यायची का. किती. कितव्या महिन्यापर्यंत.

"कोणी पाजली, त्याचा रकाना कुठे आहे?"

"तो आमचा विषय नाही," डॉक्टर म्हणाले. " खाली सही कर, म्हणजे हे फोटो वापरता येतील."

"नाही करत."

"काय बोलतेस ते कळतंय का तुला?"

"उशिरा कळतं. पण कळतं."

आईला उठवलं, स्टँडवर आलो. एसटीत बसल्यावर एकदम आठवलं. सध्या काजूचेच दिवस. माझ्या वहिनीला पाचवा महिना, आणि ती भाऊंच्याच बागेत जाते. परवा घरी आली तेव्हा तिच्या तोंडाला वास येत होता. मी विचारलं तर हसून म्हणाली, "औषध हाय ग." मीही हसले होते.

पाली येईस्तोवर मी मनाशी ठरवून टाकलं.

आज सांजचं मी मांगरापाशी उभी राहणार. वहिनीच्या हातातला पेला भाऊंच्या पायांपुढे ओतणार. कामावरून काढतील, काढू देत. मग वाडीतल्या प्रत्येक आईला विचारणार, तुला कोणी पाजली, आणि वहीत लिहून ठेवणार. माझी अक्षरं वाकडी येतात. तरी भाऊंचं नाव मला लिहिता येतं.