हेल्मेटमधल्या वाडीचा वास

गेल्या महिन्यात तुम्ही दोघांनी मला व्हिडिओ कॉलवर तुमचा तो नवा चष्मा दाखवलात. डोळ्यांना लावला की माणूस थेट समुद्राच्या तळाशी. मग धाकटीने विचारलं, "आजी, तुझ्या वेळी असं काही नव्हतं ना?"

होतं. आपल्याच घरी, वसईला, दिवाणखान्यात होतं. शिवाय त्याला वास होता. तुमच्या बाबाने हे तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही, कारण त्यात त्याचं फारसं कौतुक नाही. म्हणून मी क्रमाने लिहून ठेवते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तुमचा बाबा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. माझे सासरे, म्हणजे तुमचे पणजोबा, त्यांना मी मामंजी म्हणत असे. ते गिरीजच्या वाडीत राहायचे. केळी, नारळ, थोडा भाजीपाला, आणि या सगळ्यांवर दिवसभर ओरडणं, असा त्यांचा दिनक्रम. एका सकाळी पाटाच्या कडेला शेवाळावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. दवाखाना जवळ पडावा म्हणून त्यांना स्टेशनजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हाड जुळलंय. आता चालले पाहिजेत. महिनाभरात चालले नाहीत तर पुढे खाट सुटणार नाही. चालले, तर जिना उतरून आपल्या वाडीत जातील."

मामंजी चालायला तयार नव्हते.

"मामंजी, दोन पावलं तरी टाका. इथून मोरीपर्यंत."

"मोरीत काय पिकतं?"

(ते घरची जुनी बोली बोलत. ती तुम्हाला समजायची नाही, म्हणून मी साध्या मराठीत लिहिते आहे. धार थोडी कमी झाली असेल.)

खरं कारण वेगळं होतं. वॉकर समोर ठेवला की ते खाटेची कड घट्ट धरत. ते पुन्हा पडायला घाबरत होते. हे बोलून दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि आम्हाला ते कळलंय असं दाखवणं माझ्या स्वभावात नव्हतं. त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ मोरीत काय पिकतं याचीच चर्चा होई.

तुमच्या बाबाच्या कॉलेजात एक हेल्मेट होतं. परदेशी गेलेल्या कुणा माजी विद्यार्थ्याने पाठवलेलं, खेळ खेळण्याचं. मोटरसायकलवाल्याच्या हेल्मेटपेक्षा जड, आतमध्ये डोळ्यांसमोर दोन छोटे पडदे. डोकं फिरवलं की चित्रही फिरायचं, पण आधी जरा विचार करून. बाबाने ते प्रोजेक्टसाठी घरी आणलं आणि गिरीजच्या वाडीचे तीन रोल फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये वाडी उभी करायला घेतली. त्याचा बेत असा, की आजोबांनी हेल्मेट घालावं, पाऊल टाकावं, त्याने शेजारून की-बोर्डचं बटण दाबावं, आणि वाडी तेवढी पुढे सरकावी. म्हणजे दिवाणखान्यात चालायचं, पण वाडीत चालतोय असं वाटायचं. कॉम्प्युटर मी चहाच्या चाकांच्या ट्रॉलीवर ठेवायला लावला होता, कारण जेवणाच्या टेबलावर तारा मला चालत नाहीत.

पहिल्या दिवशी मामंजी खाटेवर बसले, पाय खाली सोडून. हेल्मेट चढवलं.

"आजोबा, काय दिसतंय?"

"छत्र्या. हिरव्या."

"त्या केळी आहेत."

"सगळ्या एका मापाच्या? शाळेत घातल्यात का?"

"चित्र आहे ते, आजोबा. तुम्ही वाडीत आहात असं समजा."

"समजलो. आता हे टोपडं काढ."

उठायचं नाव नाही. हेल्मेट काढल्यावर मात्र ते एक वाक्य बोलले, आणि पुढचे पंधरा दिवस आमच्या घराला जो वास आला त्याचं मूळ त्या वाक्यात आहे. "वाडीला वास असतो. हा टीव्ही आहे."

तुमच्या बाबाला हे पटलं. तो म्हणाला, माणूस डोळ्यांवर शंका घेतो, नाकावर घेत नाही. त्याने माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा छोटा पंप आणला. माझ्या चार बरण्यांच्या झाकणांना, मला न विचारता, दोन-दोन भोकं पाडली. एका भोकातून पंपाची हवा आत जाणार, दुसऱ्यातून वास घेऊन नळीने हेल्मेटमध्ये नाकाखाली येणार. बरणी बदलली की वास बदलणार. बरण्या बदलायचं काम माझ्याकडे आलं. मी प्रत्येक बरणीला आकडा आणि चिठ्ठी लावली आणि एका कागदावर क्रम लिहिला: फाटकाशी सोनचाफा, गोठ्याशी शेण, असा.

सोनचाफ्यासाठी बाबाने आधी बाजारातून अत्तर आणलं. मामंजींनी एकदाच हुंगलं.

"लग्न कुणाचं आहे?"

दुसऱ्या दिवसापासून माझे धाकटे दीर, जे वाडी सांभाळत, ते येता-जाता केळीच्या पानात गुंडाळून खरी फुलं आणू लागले. त्या दिवशी पहिल्यांदा हेल्मेट घातलेलं डोकं आपणहून वळलं.

"चाफा डावीकडे कसा? तो विहिरीच्या मागे आहे."

बाबाने चाफा विहिरीमागे नेला. मग गोठ्याची बरणी लावली, तर मामंजी म्हणाले, गाय चाफ्याखाली का बांधली. इथे आम्हाला एक गोष्ट कळली. चित्र पुसता येतं, वास पुसता येत नाही. आधीचा वास नळीत आणि हेल्मेटच्या स्पंजात बसून राहतो आणि पुढच्यात मिसळतो. मग मी दोन बरण्यांच्या मध्ये टेबलफॅन लावून नळी झटकू लागले. तरी गाईला दोन दिवस चाफ्याचा वास येत होता.

आठवडाभर मामंजी रोज हेल्मेट घालून बसले, वाडीतल्या चुका काढत. विहिरीचा कठडा इतका उंच नाही. त्या माडाला वीज लागली, तो पाडून टाक. बाबा रात्रंदिवस दुरुस्त्या करत होता आणि वाडी सुधारत होती. पण उठायची गोष्ट काढली की उत्तर ठरलेलं: "बसून दिसतंय की सगळं."

महिन्यातले दिवस संपत होते. मी कॅलेंडरवर खुणा करत होते, ते कॅलेंडर मामंजींना दिसू नये म्हणून दाराच्या मागे लावलं होतं.

एके दिवशी हेल्मेट काढता काढता ते म्हणाले, "ही वाडी पाहुण्यांना दाखवायची आहे. आपली नाही."

"का?"

"खत कुठाय?"

वसईच्या वाड्यांत केळीला सुक्या मासळीचं खत घालतात. मासळीचा कुटलेला चुरा असतो तो. त्याच्या वासाचं वर्णन मी करणार नाही. आपण मासे आवडीने खाणारी माणसं, तरीही मी करणार नाही. दिरांनी ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आणलं. मी नाकाला पदर लावून त्यातले दोन चमचे बरणीत भरले. चमचा फेकून दिला.

तासाभरात खालच्या मजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. सभ्य गृहस्थ. दारातच उभे राहिले.

"वहिनी, तुमच्याकडे सगळे बरे आहेत ना?"

"हो. का?"

"नाही, म्हणजे आजोबा वगैरे..."

"आजोबा आत चहा घेतायत. हा कॉम्प्युटरचा वास आहे."

त्यांनी आत डोकावून ट्रॉलीकडे पाहिलं. "कॉम्प्युटरला असा येतो?"

"चालू केला की."

ते मुलीसाठी कॉम्प्युटर घेणार होते. त्या वर्षी त्यांनी घेतला नाही.

खत आल्यावर माझ्या कागदावरचा क्रम असा झाला: एक, सोनचाफा. दोन, खत. तीन, ओली माती. चार, शेण. तिसऱ्या बरणीत पाटाच्या कडेची ओली माती होती. तीन दिवस झाकण लावून राहिल्यामुळे ती आंबली होती. मला ते बघवलं नाही. सकाळी मी ती बरणी रिकामी केली, साबणाने घासली आणि स्वयंपाकघरात ओट्यावर पालथी घातली. कागदावर तीनच्या समोर व्यवस्थित रेघ मारली. एक बरणी कमी झाल्याने काय बिघडतं, असं मला वाटलं.

दुपारी मामंजींनी हेल्मेट घातलं. फाटक उघडलं, चाफा आला. मी टेबलफॅन फिरवला. बाबाने वाडी केळीच्या वाफ्यांपर्यंत नेली आणि मला खूण केली. मी दोन नंबरची बरणी लावली.

मामंजींनी दोनदा खोल श्वास घेतला. खांदे खाली आले. मग म्हणाले, "खत कधी टाकलं?"

"सकाळीच, आजोबा," बाबा म्हणाला. नातू हुशार.

मामंजी थांबले. आणखी एकदा हुंगलं.

"आणि पाणी?"

बाबाने माझ्याकडे पाहिलं. मी कागद वर करून तीनवरची रेघ दाखवली.

"पाणी... अजून सोडलं नाही," तो म्हणाला.

"अजून नाही? ऊन बघ किती चढलंय."

ऊन होतंच. तुमच्या बाबाच्या वाडीत कायम बारा वाजलेले असत, सावल्या काढायला त्याला वेळ नव्हता. आणि मला, त्या घराची पंचवीस वर्षं सून असून, हे माहीत नव्हतं, की ते खत टाकलं की लगेच पाणी सोडावं लागतं. कोरडं राहिलं तर मुळं जळतात. वाडीत त्या वासाच्या पाठोपाठ ओल्या मातीचा वास यायलाच हवा. मामंजी त्याची वाट बघत होते, आणि तो ओट्यावर पालथा वाळत होता.

"केळी जाळायला बसलेत सगळे," असं म्हणून ते उभे राहिले.

आम्ही दोघं जागच्या जागी थिजलो. वॉकर भिंतीला टेकून ठेवला होता. त्यांनी तो मागितला नाही. एक हात पुढे आला, तो माझ्या खांद्यावर पडला, आणि मामंजी चालू लागले. पाणी सोडायच्या पंपाची खोली चित्रात उजवीकडे होती. आमच्या घरात उजवीकडे स्वयंपाकघर आहे.

"आई, ट्रॉली," बाबा कुजबुजला. हेल्मेटची तार जेमतेम दोन हात लांब होती. मी डाव्या हाताने ट्रॉली ओढायला लागले, बाबा की-बोर्ड पोटाशी धरून बटणं दाबत बाजूने वाकून चालला. तीन पावलं. चार. कॉम्प्युटर हलत होता, बरण्या किणकिणत होत्या, आणि मामंजी हेल्मेटच्या आतून धाकट्या दिरांच्या आळसाबद्दल बोलत होते. सहाव्या पावलाला भिंतीतला प्लग निघाला. कॉम्प्युटर बंद. माशांचा पंप बंद. हेल्मेटच्या आत मिट्ट काळोख.

आता त्यांना कळणार, आणि ते घाबरून पडणार.

"लाइट गेली," मामंजी म्हणाले. "या लोकांना वेळ बरोबर सापडते. डिझेलचा पंप आहे, चल."

नळीत आणि स्पंजात खत होतंच. जो वास जात नाही म्हणून मी पंधरा दिवस टेबलफॅन फिरवत होते, तो गेला नव्हता, आणि त्याच्या मागे ते आणखी पाच पावलं अंधारात चालले. स्वयंपाकघराच्या ओट्याला त्यांचा हात लागला. पंपाचं हँडल शोधत त्यांनी माझी घासलेली बरणी उचलली. तिच्याकडे बोटांनी नीट पाहिलं. मग दुसऱ्या हाताने हेल्मेट वर केलं.

त्यांनी ओटा पाहिला, मागे वळून खाट पाहिली, मधलं अंतर पाहिलं. माझ्या खांद्यावरचा हात कधीच सुटला होता.

"मामंजी, खुर्ची देऊ?"

"फोन दे."

फोन दिला. ओट्याला टेकून, उभ्यानेच त्यांनी गिरीजला लावला. पलीकडे माझे दीर होते.

"खत टाकलंस?"

पलीकडून काहीतरी.

"पाणी?"

पलीकडून बरंच काही.

"सोडतोय म्हणजे सोडलेलं नाही," मामंजी म्हणाले आणि फोन ठेवला. मग मला म्हणाले, "बघ. मी म्हटलं नव्हतं?"

तुमच्या बाबाने हेल्मेट पुढे केलं. "आजोबा, परत जायला घालू?"

"परतीचा रस्ता दिसतोय मला. तू तुझी छत्री मिट."

परत जाताना मात्र त्यांनी वॉकर घेतला. भीती गेली नव्हती. पण पुढच्या दिवसापासून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, फोनपर्यंत चालत जाऊन दिरांना पाण्याबद्दल विचारणं सुरू झालं. फोन खाटेजवळ आणायची सूचना दिरांनी केली. ती मी ऐकली नाही.

डॉक्टरांनी तपासलं तेव्हा ते खूश झाले. "कसं जमवलंत?" मी त्यांना पडदे, पंप, बरण्या असं क्रमाने सांगायला लागले. मामंजींनी मध्येच तोडलं. "पाणी सोडायचं राहिलं होतं." डॉक्टरांनी मान डोलावली आणि माझा रक्तदाब तपासायला घेतला.

तुमच्या बाबाला प्रोजेक्टला बरे गुण मिळाले. खताची बरणी उघडू नकोस, अशी विनंती परीक्षकांनी केली होती.

पावसाळ्याच्या आधी मामंजी वाडीत परत गेले. जिन्याला छत्तीस पायऱ्या होत्या. सेक्रेटरी आणि बाबा दोन बाजूंना उभे, पण हात लावायची परवानगी नव्हती. अर्धा तास लागला. रिक्षा गिरीजला फाटकाशी थांबली. मी औषधांच्या वेळा दोन रकान्यांत लिहून आणल्या होत्या, तो कागद हातात घेऊन मी घराकडे वळले. ते घराकडे आलेच नाहीत. काठी टेकत, एकेक पाऊल जपून ठेवत ते केळीच्या वाफ्यांकडे गेले. मी कागद घेऊन ओटीवर बसून राहिले. आतून दीर आले, त्यांनी वाफ्यांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, अजून थोडे दिवस ठेवून घेतलं असतं, तर?"