पटले सरांच्या नावानं

आमच्या घरी अख्खा तांदूळ सणालाच शिजायचा. एरवी कणी. आई गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये पाखडणीला जायची. कोंड्यानं पांढरी होऊन परतायची आणि मजुरीसोबत मिळालेली कणी पदरातून पातेल्यात ओतायची. बाबा त्याच मिलमध्ये पोती वाहायचे. पाठ गेली तेव्हापासून घरीच. या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी. कॉम्प्युटरची डिग्री घेतली, कुणाच्या वशिल्यानं नाही. हे मी मान वर करूनच सांगते.

डिग्रीनंतर एका संस्थेत लागले. देवरीकडच्या जंगलपट्ट्यातल्या बायकांचे गट मोहफुलं, लाख, तांदूळ विकतात, त्यांचा माल बाहेर पोचवणारी ही संस्था. तिचा स्वतःचा मेल सर्व्हर होता आणि तो पटले सर सांभाळायचे.

पहिल्या दिवशी गेले तर सर चहाचा कप घेऊन स्क्रीनशी बोलत होते. फसव्या मेल रोखणाऱ्या फिल्टरनं अडवून ठेवलेल्या मेल ते एकेक करून मोठ्यानं वाचत. दारात कुणी उभं असावं तसं.

"तू कोन? लॉटरी लागली म्हन्तं? जाय बाप्पा, पुढच्या घरी." मग पुढची. "अना तू? चिचगडची रेखाताई? ये माय, आत ये. तुले कोनं अडवलं?"

गटातल्या या रेखाताईंची मेल अडण्यासारखीच होती. विषय नाही, सगळी मोठी इंग्रजी अक्षरं, अर्धी हिंदी, रांगेनं प्रश्नचिन्हं आणि लाखेचा फोटो. फिल्टर अशा प्रत्येक गोष्टीला गुण देतो आणि गुण एका मर्यादेपलीकडे गेले की मेल बाजूला टाकतो. मी हुशारी दाखवली. "सर, मर्यादाच वाढवून टाकू?"

"अना कोंडा बी आत घेशीन? तुयी माय काय करते वं?"

ऑफिसात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. "पाखडते," म्हटलं.

"मंग तुले कायले सांगा लागते? सूप जोरानं हानलं तं कनी बी उडते. कनी म्हनजे कोंडा नोहे, पोरी. कनी बी तांदूरच हाये."

मग त्यांनी मला ते काम शिकवलं. गटांच्या खऱ्या मेल मशीनला दाखवायच्या: या आपल्या. खोट्या दाखवायच्या: हा कोंडा. असं रोज. हळूहळू मशीनला आमच्या माणसांची लिहिण्याची तऱ्हा कळायला लागली. मी पाठवणाऱ्याचं नाव बघून मेल सोडायला गेले की सर ओरडायचे. "नाव पाहून सोडू नोको! नाव कोनी बी लिहिते. कोन्त्या दारातून आला थे पाह्य." दार म्हणजे मेल ज्या सर्व्हरवरून निघाली तो.

गटांच्या बैठकीत बायकांना सांगायचे, "लिंक दाबाच्या अगोदर फोन करा. मी झोपलो असन तरी करा. मेलो असन तरी करा, ही पोरगी उचलन." बायका खो खो हसायच्या.

मग सर आजारी पडले. नागपूरच्या दवाखान्यातून, फोनवरून, दुसऱ्याच कुठल्या सेवेतून मेल पाठवायचे आणि आमचा फिल्टर त्यांनाच अडवायचा. "पाह्य वं," ते फोनवर हसले, "मीच शिकवलं अना मलेच ओरखत नाही." मधे घरी आले तेव्हा त्यांनी सर्व्हरवर एक नियम घातला: 'पटले सर' या नावानं आलेली मेल तपासायची नाही. नियमाशेजारी ते नेहमी आपल्याच बोलीत टीप लिहायचे. इथं लिहिलं, "हा मीच हाव. अडवू नोका."

धानकापणीच्या दिवसांत सर गेले. त्यांची पारख मात्र मशीनमध्ये राहिली. सरांनी ज्याला आत घेतलं असतं त्याला फिल्टर अजून आत घेत होता, ज्याला हाकललं असतं त्याला हाकलत होता. माणूस नाही आणि त्याचा निवाडा रोज चालू आहे. त्या खुर्चीवर बसायला मला बरेच दिवस जमलं नाही.

आणि एका सकाळी इनबॉक्स उघडला तर सर्वांत वर, ठळक अक्षरांत: पटले सर.

हातातला कप हातातच राहिला. खरं सांगते, आधी हेच वाटलं की सरांना काहीतरी हवं असेल. मग उघडली. "आपले खाते बंद होत आहे. तातडीने खालील लिंकवर पासवर्ड टाका." सर जन्मात कधी 'तातडीने' म्हणाले नव्हते.

तेवढ्यात रेखाताईंचा फोन. "वं पोरी, सरची मेल आली मले."

"हो ताई."

"सर तं गेले नं? मी मयतीले होती. मंग कोन लिहून राहिला? मी तं मोबाईलले हात जोडले."

"लिंक दाबली का?"

"कायले दाबू? सर म्हनत, अगोदर फोन कर. केला." मग आवाज उतरला. "पन बाकीच्या बाया दाबतीन वं. सरले कोन नाही म्हनन?"

तिथंच सगळं अडकलं होतं. एका गटाचा पासवर्ड गेला असता, तर चोर त्या बाईच्या नावानं आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना लिहीत सुटला असता. "ताई, सगळ्यांना फोन लावा," म्हटलं आणि सर्व्हर उघडला. मेल कुठल्या तरी परक्या दारातून आली होती, वर फक्त सरांचं नाव. फिल्टरनं ती सहज पकडली असती. सरांच्याच नियमानं त्याचे हात बांधले होते. जे करू नको म्हणून मला ओरडले, तेच आजारपणात स्वतः करून बसले. राग नाही आला. माणसाला आपल्या घरात यायचं होतं, एवढंच.

नियम काढायचा आणि नवा लिहायचा: या नावानं बाहेरून येणारं सगळं परत पाठव. समोर टीप होती. अडवू नोका. सरांना दारातून ढकलून देतेय असं वाटलं. "सर," मी मोठ्यानं म्हटलं, "नाव पाहून सोडायचं नाही ना?" आणि ती ओळ पुसली. बाहेरून सरांच्या नावानं एक मेल पाठवून पाहिली. सर्व्हरनं ती घेतली नाही.

अजूनही परतवलेल्यांमध्ये अधूनमधून त्यांचं नाव दिसतं. मी चहा घेत मोठ्यानं वाचते. "जाय बाप्पा, पुढच्या घरी." आणि दर वेळी क्षणभर वाटतं, एखादी खरी असली तर?

त्या दिवशी एकाही गटाचा पासवर्ड गेला नाही. सर्व्हर आता मी चालवते. रेखाताईंच्या मेल, विषय नसलेल्या, मोठ्या अक्षरांतल्या, सरळ आत येतात.