नवसाच्या रोडग्यांची पंगत

सहा महिने मी देवीपुढे रोज दिवा लावत होतो, पण तिच्यावर रुसूनच. पत्नीचं पोटाचं ऑपरेशन नीट झालं होतं, रिपोर्ट चांगले आले होते. डॉक्टर म्हणाले, आता फक्त खाल्लं पाहिजे. आणि हिचं अन्नावरून मनच उडालेलं. दोन घास खाऊन ताट सरकवायची. वजन उतरत चाललं होतं आणि मी आतून पार घाबरून गेलो होतो.

मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त माणूस. अडचण आली की आधी आराखडा काढायचा, ही माझी खोड. हवापालट व्हावा म्हणून जुनी मिनीबस घेऊन तिचं फिरतं घर करून घेतलं. पलंग, शेगडी, छोटा फ्रिज, पाण्याची टाकी. हिला इकडची काडी तिकडे करावी लागू नये अशी सगळी सोय. बुलढाण्याहून निघून आडवाटांनी, मुक्काम करत करत अमडापूरच्या देवीला जायचं ठरवलं. वाटेत मी सूप केलं, खिचडी केली, पेज केली. ही "नंतर खाते" म्हणायची आणि खिडकीतून बाहेर बघत राहायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी नको तो शहाणपणा केला. डांबरी रस्ता सोडून पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेत शिरलो. हरभऱ्याला सोडलेलं पाणी वाटेवर आलं होतं, काळ्या मातीत मागची चाकं रुतली ती रुतलीच. बाजूच्या शेतात निंबाखाली एक कुटुंब सुनेच्या बाळंतपणाचा नवस फेडायला गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणकेचे जाडजूड रोडगे भाजत होतं. मी ट्रॅक्टर मागायला गेलो, तर त्या घरची आजी म्हणाली, "गाडी काही पयून नाही जाऊन राह्यली, भाऊ. आधी निवद, मंग पंगत, मंग गाडी." नवसाच्या पंगतीला वाटसरू आला की त्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत.

मग ती गाडीपाशी आली आणि हिला हाताला धरून खाली उतरवलं. "ये वो माय, हे वांगे चिरून दे." मी घाईघाईनं हिचं आजारपण सांगितलं. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोट आजारी हाय ना बाप्पा, हात तं नाही?"

हिनं वांगी चिरली. फोडणीचा वास आला तशी उठून पातेल्यापाशी गेली. रोडग्यांवरची राख झटकून ते फोडले, तूप सोडलं. नैवेद्याचं आधी चाखत नाहीत, म्हणून पंगतीत बसल्यावरच हिनं भाजीचा घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." आजी हसली, मीठ वाढलं. मग ही जेवतच राहिली. अर्धा रोडगा संपवला, वरण मागून घेतलं. माझे डोळे सारखे भरून येत होते.

ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली आणि दुपारी आम्ही देवीपुढे पोचलो. काय काय मागायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं. तिथं हात जोडले आणि नुसता रडलो. त्या आजीला देवीनं पाठवलं, असं मी कुणाला सांगत नाही. ती आपल्या शेतात आपला नवस फेडत होती. पण सगळं मीच करीन या हट्टापायी मी हिला तर सोडाच, देवीलासुद्धा काही करायला जागा ठेवली नव्हती, एवढं मात्र कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं पेजेसाठी शेगडी पेटवली. ही उठून आली, माझ्या हातातला डाव घेतला आणि म्हणाली, "सरका बाजूला."

मी देवीचं नाव घेतलं आणि सरकलो.