सिस्टर आणि बोरिंगचा मिस्त्री

रास अल खैमात उतरले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण नवऱ्याबरोबर राहिले होते ते जेमतेम बावीस दिवस. साठ सालानंतरचा तो काळ. अमिरात नावाचा देश अजून झालेला नव्हता. रत्नागिरीहून मुंबई, तिथून बोटीनं दुबई, आणि पुढे समुद्राच्या कडेकडेनं वाळूतून जीप. गाव म्हणजे खाडीकाठची झावळ्यांची घरं आणि पाठीमागे बोडके डोंगर.

नवरा तिथल्या छोट्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर होता. दवाखान्याच्या आवारातच आमची खोली, आणि शेजारी दवाखान्याची नर्स राहायची, तिला सगळे सिस्टर म्हणत. चाळिशीची, बुटकी, गव्हाळ, पाठीवर जाड वेणी. मला ती आधी आमच्याकडचीच वाटली. हिंदुस्थानातल्या एका दवाखान्यात सात वर्षं काढल्यामुळे हिंदी छान बोलायची. देश विचारला तर म्हणाली, "पेरू."

मला हसू आवरेना. आमच्याकडे पेरू म्हणजे अमरूद, हे सांगितल्यावर तीही हसली. तसं तिला हसताना मी फार वेळा पाहिलं नाही. तिचा नवरा खाणीत काम करायचा. लग्नाच्या चौथ्या वर्षी खाणीतच गेला, आणि तिनं देश सोडला.

त्याच हिवाळ्यात पाणी शोधणाऱ्या एका परदेशी कंपनीचा बोरिंगचा मिस्त्री गावात आला. मेक्सिकोचा, पन्नाशीचा, बायको वारलेली. त्याच्या हाताखालचे मजूर आमच्या कोकणातले आणि पंजाबातले, म्हणून मोडकीतोडकी हिंदी त्यानं उचलली होती. एकदा हात कापला म्हणून दवाखान्यात आला. सिस्टर पेरूची हे कळल्यावर तो आपल्या भाषेत भराभर बोलायलाच लागला. सिस्टरनं मान वर केली नाही. पट्टीची गाठ मारली आणि म्हणाली, "मिस्त्री, यहाँ हिंदी चलती है."

त्यानं पट्टीकडे पाहिलं. "अच्छा," म्हणाला. "हिंदी."

नंतर मी तिला विचारलं, तुमची बोली एकच, मग असं का? ती चादर शिवत होती, तिनं दोरा दातानं तोडला. मग म्हणाली, "त्या बोलीत शेवटचं बोलले ती नवऱ्याशी. आता तोंडातून निघत नाही."

मिस्त्री मग दर जुम्म्याला, शुक्रवारच्या सुट्टीला, यायला लागला. गावातलं पाणी मचूळ होतं. डोंगराकडच्या त्याच्या एका बोअरला गोडं पाणी लागलं होतं. त्यातला एक डबा तो सिस्टरच्या ओट्यावर ठेवायचा, एक आमच्या. खुर्ची दिली तरी पायरीवरच बसायचा. लोकांनी बोलू नये म्हणून सिस्टर मलाही बोलावून घ्यायची. मी तांदूळ निवडत बसायची आणि ऐकायची.

"आज खारा पानी निकला."

"कितना नीचे?"

"सौ बीस फुट."

"फिर?"

"फिर दूसरी जगह."

बस, एवढंच. तिन्हीसांजेच्या, मगरिबच्या अजानआधी तो उठायचा. असे दोन हिवाळे गेले. एका जुम्म्याला यंत्र बिघडलं म्हणून तो आला नाही, तेव्हा सिस्टरनं शिवलेली कड उसवली, पुन्हा शिवली, पुन्हा उसवली. तोवर मलाही थोडं कळायला लागलं होतं.

दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीला मला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. डॉक्टर दुबईला गेलेले. पहाटेपासून सिस्टर एकटीच माझ्यापाशी होती. दुपारी मुलगी झाली. रडली नाही. सिस्टरनं तिला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडानं श्वास दिला. मग थांबली, आणि तिला माझ्या कुशीत ठेवलं. "बघून घे," म्हणाली. "नंतर चुटपुट लागते."

तो जुम्म्याचाच दिवस. मिस्त्री पाणी घेऊन आला तेव्हा माझा नवरा कुदळ घेऊन निघाला होता. कबरस्तानातली जमीन खडकाळ. मिस्त्रीनं डबे खाली ठेवले, गाडीतून पहार काढली आणि काही न विचारता त्याच्याबरोबर गेला. दोघांनी मिळून खणलं. नवऱ्यानं मुलीला खाली ठेवलं तेव्हा मिस्त्री बाजूला जाऊन, टोपी काढून उभा राहिला. हे मला नवऱ्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं. सांगता सांगता रडला. तोवर तो माझ्याशी एवढं सलग कधी बोललाच नव्हता.

दार उघडं होतं. बाहेर पायरीवर मिस्त्री हातांकडे बघत बसला होता. सिस्टर आली, त्याच्याशेजारी बसली, आणि बोलायला लागली. हिंदीत नाही, तिच्या बोलीत. मला एक शब्द कळला नाही. अडखळत बोलत होती, मध्येच थांबत होती. तो नुसता ऐकत होता. अजान झाली तरी त्या दिवशी तो उठला नाही.

त्यानंतरही दोघांनी घाई केली नाही. लग्न झालं ते सव्वा वर्षानं. बहारीनहून पाद्री आला, दवाखान्याच्या व्हरांड्यात चार खुर्च्या मांडल्या. साक्षीदार म्हणून माझ्या नवऱ्यानं सही केली. मी शेवयांचा शिरखुर्मा केला. मला पुन्हा दिवस गेले होते, आणि सिस्टर स्वतःच्या लग्नातही माझ्या सुजलेल्या पायांकडे बघत होती.

मुलगा झाला तो तिच्याच हातावर. तो खणखणीत रडला. दाराशी उभी असलेली अरब मोलकरीण ओरडली, "खलास!" अरबीत त्याचा अर्थ 'झालं, सुटली', आमच्याकडे खलास म्हणजे मेला. सिस्टर खाली बसून हसत सुटली.

पुढच्या हिवाळ्यात कंपनीचं काम आटोपलं आणि ती दोघं मेक्सिकोला, त्याच्या गावी गेली. निघताना तिनं मला जवळ घेतलं. मिस्त्रीनं माझ्या नवऱ्याला पहार देऊन टाकली.

तीन वर्षांनी सिस्टरचं पत्र आलं. मिस्त्री छातीच्या दुखण्यानं गेला होता. ती पेरूला परतली नव्हती, त्याच्याच गावात बाळंतपणं करत होती. नवऱ्यानं मला ते दोनदा वाचून दाखवलं. मग आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. त्या दिवशी आमच्याकडे चूल उशिरा पेटली.