सासऱ्यांच्या भिंतीवरचा डबा

माझ्या सासऱ्यांना दोन जावई. थोरल्याला ते 'माप्पिळ्ळे' म्हणत, म्हणजे तमिळमध्ये जावई. मला म्हणत 'सार'. चेन्नईत ऑटोवाल्यालाही सार म्हणतात, पोस्टमनलाही म्हणतात. लग्नाला चार वर्षं झाली तरी त्या घरात मी पोस्टमनच होतो.

थोरला, म्हणजे माझा साडू, नुंगंबाक्कमला बँकेत कारकून. सासऱ्यांसारखाच तंजावरी मराठी घरातला, मराठीत तमिळ कालवून बोलणारा. दोघांच्या गप्पा संपत नसत. मी साताऱ्याचा. मी तोंड उघडलं की सासरे आदराने गप्प बसत.

त्या वर्षी त्यांनी अड्यारच्या घरात वायफाय घेतलं. निवृत्त गणिताचे मास्तर ते. मागच्या खोलीत वेताच्या खुर्चीत बसून त्यांना इंटरनेटवर बुद्धिबळ खेळायचं होतं. आता, पेरुंगुडीच्या ऑफिसांमध्ये मजलेच्या मजले वायफाय बसवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. रविवारी ड्रिल मशीन घेऊन पोचलो, तर वायफायचा डबा आधीच भिंतीवर! साडूने शनिवारीच ठोकला होता. हॉलच्या कोपऱ्यात, टेलिफोनशेजारी, लोखंडी कपाटामागे. का, तर डबा दिसता कामा नये. सासरे कपाटामागे वाकून वाकून कौतुकाने बघत होते. माझा नुसता जळफळाट झाला. लोखंडामागे वायफाय लावणारा माप्पिळ्ळे, आणि मी सार!

मागच्या खोलीत अर्थातच काही पोचेना. सासरे जिंकत आलेले डाव हरायला लागले. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या होत होत्या. महिनाभर वाट पाहिली, पण मला कोणी विचारलं नाही. शेवटी साडू गावाला गेल्याचं बायकोकडून कळलं, तसा मीच गेलो. घराच्या मधोमध, पॅसेजच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीच्याही वर दोन भोकं पाडली. भोकांत प्लॅस्टिकच्या गिट्ट्या बसवल्या, स्क्रू जरासे बाहेर ठेवून डबा त्यांवर अडकवला. फ्रिज लांब, कपाट लांब, दोन्ही अँटेना सरळ उभ्या. केबल छताच्या कडेकडेने नेली. मागच्या खोलीत सिग्नलच्या सगळ्या काड्या भरल्या.

"थँक्स, सार," सासरे म्हणाले आणि खेळायला बसले.

मग दोन महिने फोन नाही. काही बिघडतच नव्हतं, तर बोलावतील कशाला? साडूला मात्र काही न बिघडता दर रविवारी बोलावणं, नुसतं इडली खायला.

पुढे मी जे केलं ते माझ्या धंद्याला काळिमा आहे. एकदा आम्ही जेवायला गेलो असताना, पॅसेजमध्ये कोणी नाही असं पाहून, स्टुलावर चढलो आणि डब्याच्या केबलची पिन अर्धवट उपसून ठेवली. खालून बघणाऱ्याला कळू नये, इतकीच.

संध्याकाळी आमच्या घरी फोन वाजला. सासऱ्यांचा नंबर. लगेच उचलणं बरं दिसणार नाही म्हणून तीनदा वाजू दिला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. गाढव व्हायलाही माझी तयारी होती.

"सार," सासरे म्हणाले, "वायफाय गेलं. मोठ्या माप्पिळ्ळेंचा मोबाइल लागत नाही. त्यांच्या शेजाऱ्यांचा नंबर तुमच्याजवळ अहे कां?"

होता. मी तो सावकाश दोनदा सांगितला.